फांदी वाळलेली होती, हे कुणाला ठाऊक होतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमच्या गावात समुद्राला लागून नगर परिषदेची बाग आहे. १२ जुलैला संध्याकाळी माझे यजमान (वय ४४, सुतारकाम करतात) मुलीला घेऊन तिथे गेले होते. सुरूच्या झाडाखालच्या बाकावर बसले असताना वरची वाळकी फांदी मोडून अंगावर आली. उजवं मनगट आणि कॉलर बोन मोडलं, मनगटात प्लेट घालावी लागली, तेव्हापासून काम बंद आहे. दोन दिवसांनी नगर परिषदेने ते झाडच कापून नेलं. मुख्याधिकारी म्हणतात, वारं-वादळ होतं, त्याला कोण काय करणार. शिवाय झाडं वन खात्याची आणि देखभाल ठेकेदाराची. फाटकावर 'स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश करावा' असा फलक आहे. एक नगरसेवक पंधरा हजारांची मदत मिळवून देतो म्हणतात, पण एका कागदावर सही हवी म्हणतात. पोलिसांत आम्ही गेलो नाही. काय करावं? आणि आणखी एक. आमच्या आवारातला एक माड पाखाडीवर (पायऱ्यांच्या वाटेवर) झुकलाय, शेजारी दोनदा बोलून गेले. उद्या कुणाच्या डोक्यात नारळ पडला तर आम्हीही अडकू का?
— एक वाचक, कोकण किनारा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नातच आहे, पण त्याकडे शेवटी येऊ. आधी तो सहीचा कागद.

पंधरा हजारांना नाही म्हणू नका, सहीला म्हणा. अशा कागदाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते: 'सदर रक्कम पूर्ण व अंतिम भरपाई म्हणून मिळाली असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही.' त्याखाली यजमानांची सही गेली, की तुमचा पुरावा कितीही भक्कम असला तरी समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो कागद काढील. पैसे घ्यायचेच असतील तर पावती आपल्या शब्दांत द्या: 'उपचारासाठी तात्पुरती मदत म्हणून रु. १५,००० मिळाले, उर्वरित भरपाईचा हक्क राखून.' अशी पावती घ्यायला ते तयार झाले नाहीत, तर ती मदत कशासाठी होती ते तुम्हाला कळेलच.

दुसरी घाई तारखांची. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ३०४ मध्ये दोन अटी आहेत. नगर परिषदेवर दावा लावण्याआधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावं लागतं, आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. अपघात १२ जुलैचा, म्हणजे ११ जानेवारी ही तुमची शेवटची तारीख. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळून मिळतो असं कुणी सांगेल. मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये तशी तरतूद आहेही. पण ती जादाची दोरी समजा, तिच्यावर लोंबकळू नका. वन खातं किंवा महसूल खातं यांना गुंतवायचं असेल तर तो दावा राज्य शासनावर होतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे त्यासाठी दोन महिने आधी नोटीस लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे देता येते. हिशेब केला तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटता कामा नये. एवढं ताणायचं तरी कशाला? दोन्ही नोटिसा येत्या आठ-दहा दिवसांत जाऊ द्या.

'तीन वर्षं असतात' हे वाक्य तुम्हाला गावात दहा जण ऐकवतील. खासगी माणसाविरुद्धच्या दाव्यांत ते पुष्कळदा खरं असतं. नगर परिषदेच्या बाबतीत त्याच वाक्याने खरी प्रकरणं बुडतात.

आता मुळाशी येऊ. सगळे तुम्हाला 'जागा कुणाची' यात गुंतवतायत. तो प्रश्न आहे, पण दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा: फांदी धोक्याची आहे हे कुणाला ठाऊक होतं, किंवा नजर टाकली असती तर कुणाला कळलं असतं? दिल्लीत १९६४ साली स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो गेला. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये महापालिकेची जबाबदारी कायम झाली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. झाडं तुमच्या ताब्यात आहेत, ती तपासायला उद्यान विभाग आहे, मग वाळलेली फांदी वेळेत काढणं हे तुमचं काम. त्याआधी १९६६ मध्ये चांदणी चौकातल्या कोसळलेल्या घड्याळ मनोऱ्याच्या प्रकरणात हेच न्यायालय आणखी पुढे गेलं होतं. नीट सांभाळलेली वस्तू आपोआप कोसळत नाही. कोसळली, तर सांभाळणाऱ्याने खुलासा करायचा. तुमच्या नोटिशीत हे दोन्ही निकाल आले पाहिजेत. बाग करायची की नाही हे नगर परिषदेच्या मर्जीवर असतं. एकदा केली, बाक मांडले, लोकांना बोलावलं, की सांभाळणं मर्जीचं राहत नाही.

म्हणून सगळा जोर एकाच गोष्टीवर लावा: फांदी आधीपासून मेलेली होती आणि खालून दिसत होती, हे दाखवण्यावर.

झाड कापून नेलं म्हणून धीर सोडू नका. सुरूची फांदी चार दिवसांत वाळत नाही. आधी हिरव्या सुया तांबूस पडतात, मग झडतात, आणि मग हिरव्या झाडात एक करडी काठी उरते. ती लांबूनही डोळ्यांत भरते. तेव्हा अपघातानंतरचे नव्हे, आधीचे फोटो शोधा. किनाऱ्यावरची बाग म्हणजे फोटोंची खाणच. गेल्या दिवाळीतले, मे महिन्यातल्या पाहुण्यांचे, शाळेच्या सहलीचे, लग्नाआधीच्या फोटोशूटचे, गूगल मॅप्सवर पर्यटकांनी टाकलेले. त्या बाकाच्या मागे-वर नजर टाका. जानेवारीच्या फोटोत ती फांदी निष्पर्ण दिसली आणि मेच्या फोटोतही तशीच दिसली, तर वाऱ्याची गोष्ट तिथेच संपते. फोटो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मूळ फाइल घ्या. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्हवर घ्या. न्यायालयात असा फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा) असतं आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. वकिलाला पहिल्याच भेटीत याची आठवण करा, ऐनवेळी ते मिळत नाही.

मोडलेल्या फांदीचा एखादा तुकडा कुणी उचलून ठेवलाय का, तेही विचारा. गावात सुरूचा ओंडका कुणी वाया जाऊ देत नाही, चुलीसाठी नेलेला असतो. मोडलेल्या टोकापासून हातभर तुकडा मिळाला तरी पुरे. जिवंत फांदी मोडते तेव्हा लांब ओलसर धसकटं निघतात. मेलेली फांदी आखूड, बोथट मोडते, आत काळपट असते, भोकं किंवा वाळवीचा मातीचा थर दिसतो. ताज्या लाकडाची आणि मेलेल्या लाकडाची मोड कशी असते हे तुमच्या यजमानांना आम्ही काय सांगावं! तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून गोणपाटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ठेवलात तर बुरशी येईल, आणि मग ती बुरशी आधीची की नंतरची यावर वाद. नगर परिषदेकडे राहिलेला ओंडका आणि बुंधा तसाच ठेवावा, असं नोटिशीत स्पष्ट लिहा.

आता 'वादळ होतं' याकडे. जुलैतलं वारं हे कोकणात वादळ नव्हे, ऋतू आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर जुलैत झोत येणार, हे नगर परिषदेला ठाऊक असलंच पाहिजे. म्हणून तर दरवर्षी मेमध्ये मान्सूनपूर्व छाटणीची बिलं निघतात. दैवी आपत्तीचा बचाव टिकायला घटना खरोखर अकल्पित लागते. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाच्या दिवशी अलिबाग-श्रीवर्धनकडे फांदी पडली असती तर वेगळी चर्चा झाली असती. उलट 'निसर्ग' आणि मे २०२१ मधलं 'तौक्ते' यांच्यानंतर, वाळूतला सुरू किती सहज हलतो ते आम्हाला माहीत नव्हतं, असं किनाऱ्यावरच्या कुठल्याही कार्यालयाला म्हणता येत नाही. दोन गोष्टी मिळवा. हवामान खात्याच्या जवळच्या वेधशाळेची (कोकणात डहाणू, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी, वेंगुर्ला इथे त्या आहेत) त्या दिवशीच्या वाऱ्याची नोंद, आणि त्या संध्याकाळी बागेत आणखी किती झाडं किंवा फांद्या पडल्या याची माहिती. एकच फांदी पडली असेल, तर दोष वाऱ्याचा कमी आणि फांदीचा जास्त.

फलकाचं एका ओळीत: 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं मोघम लिहून निष्काळजीपणा धुतला जात नाही. 'या झाडाखाली बसू नये, फांद्या धोकादायक' असा फलक त्या झाडाला टांगलेला असता, दोरी बांधलेली असती आणि तरीही यजमान तिथे बसले असते, तर भरपाईत कपात झाली असती. इथे तर नगर परिषदेनेच झाडाखाली बाक मांडला होता.

आता जागा. तलाठ्याकडे खेपा मारायची गरज नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो. जागा शहर भूमापनात असेल तर मालमत्ता पत्रक काढा. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर नगर परिषदेच्या नगररचना विभागात विकास आराखडा बघायला मिळतो. किनाऱ्यालगत बहुधा तीनपैकी एक चित्र दिसतं: जमीन शासनाची आणि नगर परिषदेला बागेसाठी दिलेली, जमीन वन खात्याची आणि त्यावर वन किंवा सामाजिक वनीकरण विभागाने लावलेले सुरू, किंवा जमीन नगर परिषदेचीच. उतारा काहीही निघाला तरी तिघांनाही प्रतिवादी करा: नगर परिषद, कलेक्टरांमार्फत शासन, आणि ठेकेदार. त्यांच्यापैकी कुणी किती द्यायचं ते आपसात भांडू देत. ठेक्याच्या करारात 'अपघात झाल्यास ठेकेदार जबाबदार' अशी अट असतेच, पण ती त्या दोघांमधली आहे. तिचा अर्थ नगर परिषद ठेकेदाराकडून पैसे वसूल करू शकते एवढाच. तुमच्या यजमानांशी त्या कागदाचा संबंध नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, कारण उत्तराला तीस दिवस लागतात आणि ते दावा लावण्याआधी हाती हवं. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात दोन नियम लोक विसरतात: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि दीडशे शब्दांत बसायला हवा. तेव्हा दोन वेगळे अर्ज करा. पहिला झाडाचा: शेवटच्या वृक्षगणनेतली त्या बागेची पानं, गेल्या तीन वर्षांतल्या मान्सूनपूर्व छाटणीचे कार्यादेश, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी आणि बिलं, त्या झाडाबद्दल आलेल्या तक्रारींची आवक नोंदवहीतली नोंद, आणि १४ जुलैला झाड तोडण्यासाठी झालेली संपूर्ण कागदोपत्री कारवाई. दुसरा ठेक्याचा: करारनामा, अटी-शर्ती, विम्याची प्रत असेल तर ती.

या यादीतली शेवटची फाइल आमच्या मते सोन्याची आहे. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती घेताना कार्यालयाला कारण लिहावं लागतं. तिथे बहुधा 'झाड वाळलेले, जीर्ण व धोकादायक' असंच लिहिलेलं असतं. दोन दिवसांत झाड धोकादायक होत नाही. आणि फाइलच सापडली नाही, तर विनापरवाना तोड का केली हा प्रश्न त्यांच्याच अंगावर येतो. मोजमाप पुस्तकही बारकाईने वाचा. 'बागेतील सर्व झाडांची छाटणी केली' असं लिहून बिल निघालं असेल, तर ही फांदी कशी राहिली याचं उत्तर कुणालातरी द्यावं लागेल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा.

पोलिसांचं. गुन्हा दाखल झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही हा गैरसमज आहे. दिवाणी दावा स्वतंत्र चालतो. तरीही ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १२५. हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे. रुग्णालयात पहिल्या दिवशी एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून होणारी नोंद) झाली होती का, ते केसपेपरवर बघा. झाली असेल तर 'फांदी पडून' असं कारण त्यात लिहिलेलं असेल, आणि तुमच्या तक्रारीला झालेला उशीर त्या ओळीने बराचसा भरून निघेल. 'पडल्यामुळे' एवढंच लिहिलं असेल तर त्या दिवशी सोबत असलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं आताच करून घ्या. चहावाला, भेळवाला, बागेचा माळी. माळी नगर परिषदेविरुद्ध बोलणार नाही, पण त्याचं नाव नोटिशीत असू द्या.

किती मागायचं? इथे लोक एकतर पंचवीस लाख लिहितात नाहीतर औषधाच्या बिलांची बेरीज. दोन्ही चूक. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत इथेही मापदंड म्हणून वापरतात. सरला वर्मा (२००९) निकालातल्या तक्त्याप्रमाणे ४१ ते ४५ वयाला गुणक १४. प्रणय सेठी (२०१७) निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणाऱ्या ४० ते ५० वयाच्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के मिळवतात. यजमानांचं उत्पन्न महिना १८,००० धरू. वर्षाचे २,१६,०००, वाढीसह २,७०,०००. कमावण्याची क्षमता १५ टक्के घटली असं सिद्ध झालं तर वर्षाला ४०,५०० चं नुकसान, आणि गुणिले १४ म्हणजे ५,६७,०००. याखेरीज काम बंद राहिलेल्या महिन्यांचं पूर्ण उत्पन्न, उपचार, फिजिओथेरपी, गाडीभाडं, घरी सेवा करणाऱ्याची मजुरी, प्लेट काढायची पुढची शस्त्रक्रिया, वेदनांची रक्कम आणि व्याज.

यातला कळीचा आकडा तो १५ टक्क्यांचा, आणि तिथे बहुतेक दावे ढिले पडतात. जिल्हा रुग्णालयातलं मंडळ अपंगत्वाची टक्केवारी अवयवाच्या मापाने देतं: मनगट किती अंश वळतं, पकड किती. ती कदाचित ८ टक्के येईल. पण ८ टक्के म्हणजे कमाईत ८ टक्के घट नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं सुताराचंच उदाहरण दिलंय. डावा हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची कमाई मात्र जवळपास शंभर टक्के जाऊ शकते. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञाकडून केवळ टक्का नको, वर्णन घ्या. रंधा मारताना लागणारा दाब उजव्या मनगटाला देता येतो का, पटाशीवर हातोडा किती वेळ चालवता येतो, खांद्यावर फळी उचलता येते का. आणि तोच डॉक्टर साक्षीला येईल का, हेही आताच विचारा. साक्षीला न आलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र अर्धं वजन गमावतं. प्रमाणपत्राची घाई मात्र करू नका, हाड पूर्ण जुळून फिजिओथेरपी संपली की मगच ते काढा. दावा त्याआधी लावता येतो.

उत्पन्नाच्या पुराव्याची अडचण येणार, कारण सुताराला कुणी पगारपत्रक देत नाही. यूपीआयचं वर्षभराचं स्टेटमेंट, वखारीची बिलं, कोटेशनची वही, चार गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं. जुलैत अर्धवट राहिलेली आणि दुसऱ्याने पुरी केलेली कामंही लिहून काढा, ती फार बोलकी असतात.

एक इशारा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. तो तुम्हाला फिरत फिरत येईलच. तो रस्त्यांपुरता आहे. बागेतली फांदी त्यात बसत नाही, त्याच्या भरवशावर दिवाणी मुदत घालवू नका. ग्राहक आयोगाचंही तसंच. बागेत तिकीट असतं तर ग्राहक म्हणून दोन वर्षांच्या आत घराजवळच्या जिल्हा आयोगात जाता आलं असतं. फुकट बागेला तो रस्ता नाही.

नोटीस स्वतः लिहिता येते, पण दाव्यासाठी वकील लागेल. यजमानांचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत विधी सेवेला ते पात्र ठरतात. तालुका न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा. कोर्ट फीचाही भार त्यात सुटतो. नोटिशीत घटना, तारीख, वेळ, जागा, दोष काय, मागणी किती आणि यजमानांचं नाव-पत्ता एवढं असलंच पाहिजे. यातलं एक राहिलं तरी आक्षेप येतो. एक प्रत आवक शिक्का घेऊन हाती द्या, दुसरी पोस्टाने. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर नोंदणीसह, पोचपावतीसह स्पीड पोस्ट असं सांगून मागा.

आणि दाव्याआधीच लोकअदालतीचा अर्जही टाका. सुशीला देवी प्रकरणात अपघात ते अंतिम निकाल यांत पस्तीस वर्षं गेली, हे तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. नगर परिषदेला ठरावाशिवाय पैसे देता येत नाहीत, लोकअदालतीतल्या निवाड्याने त्यांना तो ठराव करायला कारण मिळतं. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, म्हणून आकडा मान्य करताना वरचा हिशेब समोर ठेवा. अर्ज टाकला म्हणून सहा महिन्यांची मुदत थांबली असं मात्र धरू नका. जानेवारी उजाडायच्या आत दावा लागलेला हवा, मग बोलणी चालू राहू देत.

आता तुमचा माड. हो, अडकाल. जे तुम्ही नगर परिषदेला विचारणार, तेच पाखाडीवरून जाणारा तुम्हाला विचारणार: ठाऊक होतं का? शेजारी दोनदा बोलून गेले, म्हणजे ठाऊक होतं. आणि माडाच्या बाबतीत 'कळलं नाही' म्हणायला जागाच नसते. तो महिन्याला साधारण एक झावळ टाकतो, आणि तयार नारळ काढला नाही तर स्वतः खाली येतो. चाळीस फुटांवरून सुटलेला नारळ जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास असतो.

झुकलेला आहे म्हणून माड वाईट असं नाही. समुद्राकडचे माड झुकलेलेच वाढतात. बघायचं ते बुंध्याशी. झुकल्याच्या उलट बाजूची माती उचलली गेली आहे का, मुळं तुटून वर आली आहेत का, गेल्या पावसापेक्षा कल वाढलाय का. खोडाला भोकं पडून तांबूस चीक आणि चावलेला भुसा बाहेर येत असेल तर आत सोंड्या भुंगा आहे. असा माड वरून हिरवा दिसतो आणि एका रात्रीत मधूनच मोडतो. यातलं काहीही दिसलं तर वृक्ष अधिकाऱ्याकडे तोडीचा अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. तुम्ही काहीच केलं नाही तर शेजाऱ्यांना तहसीलदारांकडे जाता येतं. पडायला आलेलं झाड काढायला किंवा त्याला आधार द्यायला लावण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला आहे. बागेत धोकादायक झाडं अजून उभी असतील, तर हेच कलम तुम्हालाही वापरता येईल.

माड निरोगी असेल तर तोडायचं कारण नाही. दर दीड-दोन महिन्यांनी नारळ उतरवून घ्या, सुकायला लागलेल्या झावळ्या गळायची वाट न बघता काढा, आणि पाखाडीच्या बाजूला लोंबणाऱ्या पेंडी कोवळ्या असतानाच शहाळ्यांसाठी उतरवा. नारळ काढणाऱ्याला दिलेल्या पैशांची तारीखवार नोंद एका वहीत ठेवा. नारळ काढणार त्या दिवशी पाखाडीच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस उभा करा. खालच्या तोंडाला जरा जास्त लांब, कारण चिऱ्याच्या पायऱ्यांवर पडलेला नारळ तिथेच थांबत नाही, गडगडत खालच्या वळणापर्यंत जातो.